पटावरचे नाव आणि हातातले अक्षर

सातारच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक नाव चढले : भिवा रामजी आंबेडकर. ती नोंद आजही जपून ठेवलेली आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या नोंदीशेजारी आणखी एक गोष्ट ठेवून पाहावी लागते. ती डॉ. बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. शाळेत बसायला त्यांना घरून नेलेले गोणपाट होते आणि संध्याकाळी ते परत घरी न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर नाही. नाव पटावर होते, मूल मात्र वर्गाच्या कडेला होते.

हे पुस्तक या अंतराबद्दल आहे. पटावर नाव येणे वेगळे आणि हातात अक्षर येणे वेगळे. पहिली गोष्ट सातारा-सांगलीने शंभर वर्षे झगडून मिळवली. दुसरी अजून पुरती मिळालेली नाही. या दोन जिल्ह्यांतले शिक्षणाचे काम जवळून पाहिल्यावर माझे एक मत ठाम झाले आहे. मूल शिकेना तेव्हा ज्या शिक्षकांनी मुलाला दोष न देता त्याच्याभोवतीची मांडणी बदलली, त्यांच्याच हातून मुले वाचू लागली. कुणी जेवणाची मांडणी बदलली, कुणी राहण्याची, कुणी बोलीची, कुणी अक्षरांच्या क्रमाची. या एका सूत्रावर भाऊराव पाटलांचे बोर्डिंग आणि आजच्या एखाद्या पालिका शाळेतल्या बाईंचा पहिलीचा वर्ग शेजारी शेजारी बसतात.

नव्या वाचकासाठी आधी या क्षेत्राची हद्द सांगतो. ‘पब्लिक स्कूल’ हे शब्द आपल्याकडे मोठी फी घेणाऱ्या शाळांच्या पाट्यांवर दिसतात, म्हणून ‘सार्वजनिक शाळा’ म्हणजे काय ते स्पष्ट केलेले बरे. सातारा, कराड, वाई, फलटण अशा गावांतल्या नगरपालिकांच्या शाळा. सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन गावांची मिळून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी झालेल्या महापालिकेच्या शाळा. शहराच्या अंगाला लागून असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा. आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या शाळा. माध्यम बहुतेक ठिकाणी मराठी, काही ठिकाणी उर्दू, आणि मिरज-जतच्या पट्ट्यात कन्नडही. या शाळांत येणारी मुले हमालांची, हळदीच्या कामाला जाणाऱ्या बायकांची, औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्यांची, बांधकामावरच्या मजुरांची, धुणीभांडी करणाऱ्या आयांची. खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा अजून पुष्कळदा ‘आपली’ असते. सरपंचाचा नातू आणि शेतमजुराची मुलगी तिथे एका बाकावर सापडतात. शहरात तसे राहिलेले नाही. ज्यांना परवडले ते निघून गेले आणि पालिकेची शाळा फक्त गरिबांची उरली. शहरी शाळेतला समतेचा प्रश्न म्हणूनच निराळा आणि अधिक अवघड आहे.

या प्रश्नाची पाळेमुळे याच मातीत आहेत. महात्मा फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे हे जोडपे सातारा जिल्ह्याशी असे दोन्हीकडून बांधलेले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. रयतेच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेची पोरे अडाणी राहतात, हा त्यांचा मुद्दा होता. सार्वजनिक पैशातून कोणाचे मूल शिकते, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही.

त्या विचाराची पुढची पायरी सातारा जिल्ह्यातच चढली गेली. ४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमीचा दिवस. कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांचा जन्म कुंभोजचा, घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९२४ साली संस्थेचा मुक्काम सातारला आला, तिथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. भाऊरावांचे मोठेपण शाळांच्या संख्येत मोजण्याची आपल्याला सवय आहे. मला ते दुसरीकडे दिसते. खेड्यातला मुलगा शहरातल्या शाळेपर्यंत का पोचत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते. त्याला बुद्धी कमी नव्हती. शहरात राहायला जागा नव्हती, खायला भाकरी नव्हती, आणि जातीमुळे कोणी पंक्तीला घेत नव्हते. मग त्यांनी जागा, भाकरी आणि पंगत या तिन्हींची सोय एकाच छपराखाली केली. मुले स्वतः राबत, पिकवत, रांधत आणि शिकत. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही ठेवले नाही. ‘कमवा आणि शिका’ हे घोषवाक्य पुढे गाजले, पण मुळात ते एका नेमक्या अडचणीवरचे नेमके उत्तर होते. शिक्षकही अशाच मुलांतून घडावेत म्हणून १९३५ साली सातारला अध्यापक विद्यालय निघाले, आणि जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती तिथे गावोगाव व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या.

हा या क्षेत्रातला पहिला प्रवाह : दार उघडण्याचा. दुसरा कायद्याचा. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली शेजारच्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना आपापल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. शहराची शाळा ही पालिकेची, म्हणजे शहराच्या करदात्याची आणि मतदाराची जबाबदारी आहे, ही कल्पना तिथून रुजली. पाणी, दिवाबत्ती, गटार यांच्या ओळीत शाळा येऊन बसली. आज नागरिक नळाला पाणी आले नाही तर नगरसेवकाच्या दारात जातो. प्रभागातल्या शाळेत चौथीच्या मुलाला वाचता येत नाही म्हणून कोणी जात नाही. कायद्याने जबाबदारी दिली, पण ती नागरिकाने अंगावर घेतली नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. तोही प्रामुख्याने पटावरच्या नावाचा हक्क ठरला.

तिसरा प्रवाह साक्षरतेच्या मोहिमांचा, आणि त्यातही सातारा पुढे होता. १९५९ साली याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर ती सबंध महाराष्ट्रात पसरली. दिवसा मुलांना शिकवणारे गुरुजी रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्या आईबापांना शिकवू लागले. गावातले सगळे प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, ग्रामदैवतापुढे साक्षर राहण्याची शपथ घेतली जायची. १९७२ साली युनेस्कोनेही या कामाची सन्मानपूर्वक दखल घेतली. पण समारंभ संपल्यावर वाचायला काही उरले नाही. ना पुस्तक, ना वाचनालय, ना रोजच्या व्यवहारात अक्षराची गरज. अनेक गावे हळूहळू पुन्हा अंगठ्यावर गेली. हा धडा पालिका शाळेतल्या दुसरीच्या वर्गालाही तसाच लागू आहे. अक्षर ओळखणे म्हणजे वाचन नव्हे, आणि ज्या हाताला रोज अक्षर भेटत नाही त्या हातातून ते गळून जाते.

या तीन प्रवाहांचा हिशेब मांडणारा माणूसही याच मुलखातला. जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. पुढे ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. समता, गुणवत्ता आणि संख्या हा त्रिकोण आपल्या शिक्षणात जुळत नाही, हे त्यांनी १९७५ साली पुस्तक लिहून सांगितले. संख्येच्या मागे लागलो की गुणवत्ता पातळ होते, गुणवत्तेच्या नावाने निवड सुरू केली की समता जाते. नाईकांना जी कोंडी देशाच्या पातळीवर दिसली, तिचा लहानातला लहान नमुना म्हणजे एका बाईंपुढे बसलेली पहिलीची चाळीस मुले.

त्या वर्गात शिरणारा चौथा प्रवाह म्हणजे वाचनाच्या अध्यापनाचा. नव्या वाचकाला त्याची ओळख सर्वांत कमी असते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात फलटणला आल्या. फलटणकरांच्या बोलण्यातल्या सामाजिक फरकांवर त्यांनी प्रबंध लिहिला, तो १९७३ साली पूर्ण झाला. पुढे त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि फलटणच्या झाल्या. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. कमला निंबकर बालभवन ही तिची शाळा १९८६ पासून चालते. भाषाशास्त्रज्ञ शिक्षणात आल्याने काय फरक पडला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिलीतले मूल म्हणते, ‘पानी हाय.’ बाई म्हणतात, ‘पाणी आहे, असं म्हण.’ दुसऱ्यांदा तेच होते, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा मूल बोलतच नाही. बाईंचा हेतू वाईट नसतो, पण मुलाला एवढेच कळते की आपल्या घरात जे बोलतात ते इथे चुकीचे आहे. आई चुकीची, आजी चुकीची. बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे, तिला स्वतःचे नियम आहेत, हे ज्या शिक्षकाला उमगले तो आधी मुलाचे ऐकतो, तेच फळ्यावर लिहितो आणि मग प्रमाणभाषेची वाट दाखवतो. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलांच्याच मनातल्या शब्दांपासून वाचन सुरू केले होते. ब्राझीलच्या पाउलो फ्रेअरे यांनी प्रौढांच्या साक्षरतेत त्यांच्याच जगण्यातले शब्द घेतले. फलटणचे काम त्यांच्या पंगतीतले आहे, पण मराठीच्या लिपीशी नाते जोडून उभे राहिलेले आहे.

लिपीचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा. आपल्या जुन्या पद्धतीत आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द. ज्या घरात पुस्तक आहे, आई गोष्ट वाचून दाखवते, तिथल्या मुलाला हा लांबचा रस्ता चालतो, कारण शेवटी काय मिळणार आहे हे त्याने पाहिलेले असते. ज्याच्या घरी छापील कागद म्हणजे भेळेचा पुडा, त्याने ‘ङ’ आणि ‘ञ’ कशासाठी गिरवायचे? महिनोन्‌महिने गिरवूनही त्याला एक वाक्य वाचता येत नाही, आणि तो मनातल्या मनात शाळा सोडून देतो. नाव पटावर राहते. याला उत्तर म्हणून निवडक अक्षरांचे लहान गट करायचे, सोबत काना किंवा वेलांटी घ्यायची आणि पहिल्याच आठवड्यात अर्थाचा शब्द वाचायला द्यायचा. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट समतेचे मोठे साधन आहे, कारण घरून न मिळालेली गोष्ट ती वर्गात भरून काढते.

सातारा जिल्ह्यातल्याच कुमठे बीटने हे सगळे सरकारी शाळांच्या पातळीवर करून दाखवले. बीट म्हणजे शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या अखत्यारीतल्या शाळांचा समूह. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी वेगळी माणसे आणली नाहीत, वेगळी इमारतही मागितली नाही. बाई खुर्चीवरून उठून मुलांमध्ये जमिनीवर बसल्या. चिंचोके, खडे, काड्या, शब्दपट्ट्या हातात आल्या. भीती गेली आणि मुले एकमेकांना शिकवू लागली. महाराष्ट्रभरातून शिक्षक पाहायला आले, आणि जून २०१५ मध्ये राज्याने सुरू केलेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमावर या कामाचा ठसा उमटला. पसरताना काही सांडलेही. पुष्कळ ठिकाणी फरश्या रंगल्या, तक्ते टांगले गेले, पण मुलाचे ऐकून घेण्याची सवय पोचली नाही. शिक्षकाला स्वतः विचार करायला वेळ दिला नाही, की चांगली पद्धतही फर्मान होऊन बसते.

हे सगळे आज नव्याने मांडायची गरज का आहे? २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची साक्षरता ८२.८७ टक्के आणि सांगलीची ८१.४८ टक्के होती. जनगणना हा आकडा घरातल्या माणसाच्या सांगण्यावरून नोंदते, कोणाला वाचायला लावून नाही. वर्गातले वास्तव त्या आकड्याबाहेर राहते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ज्यांच्या घरी एकच फोन होता आणि तो बापासोबत कामावर जायचा, त्या मुलांची अक्षरे सर्वांत आधी गेली. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. त्या काळात सांगलीतल्या शाळा पूरग्रस्तांचा आसरा झाल्या, आणि पाणी ओसरल्यावर पाट्या-पुस्तकांची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून झाली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ‘निपुण भारत’ अभियानाचे २०२६-२७ चे उद्दिष्ट आहे. ते उद्दिष्ट बरोबर आहे. मात्र ते चाचण्यांच्या तक्त्यांत भरून पुरे होणार नाही.

दुसरे कारण धोरणाचे. गरिबांसाठी खासगी शाळांत राखलेल्या पंचवीस टक्के जागांच्या नियमाला २०२४ साली राज्याने मुरड घातली : सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट. उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून राज्य ढवळून निघाले आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. दोन्ही वादांत चर्चा झाली ती कोणत्या शाळेत नाव घालायचे आणि किती भाषा शिकवायच्या यांची. घरी दख्खनी, वडारी, कैकाडी किंवा कन्नड बोलणारे सहा वर्षांचे मूल पहिली लिपी तरी कशी शिकते, हा प्रश्न कोणाच्या भाषणात आला नाही. तो रोज ज्यांच्या पुढ्यात असतो त्या शिक्षकांना बोलावून कोणी विचारले नाही.

या पुस्तकाची खटपट त्या शिक्षकांचे म्हणणे नोंदवण्याची आहे. मराठी वाचकाच्या मनातला मास्तर माणदेशातल्या ‘बनगरवाडी’चा आहे, व्यंकटेश माडगूळकरांनी तो अजरामर केला. पालिकेच्या शाळेतल्या बाई, ज्यांच्या वर्गात दिवाळीनंतर तीन मुले निघून जातात आणि पाच नवी येतात, ज्यांना मतदारयाद्यांचे काम आणि पोषण आहाराचा हिशेब सांभाळून जोडाक्षरे शिकवायची असतात, त्या आपल्या वाचनात क्वचितच येतात. इथे त्या केंद्रस्थानी आहेत. हा गौरवग्रंथ नाही. आदर्श शिक्षक ही आपली आवडती मूर्ती आहे, पण मूर्ती उभी केली की बाकीच्यांची सुटका होते : ते असामान्य होते, आम्ही सामान्य. इथले लेखन उलट दाखवते की बदल लहान असतो, ठरवून केलेला असतो आणि दुसऱ्याला शिकता येतो. न जमलेल्या प्रयोगांनाही इथे जागा आहे. इतिहास, भाषा, पोट, स्थलांतर आणि कारभार या पाच अंगांनी हा विषय पाहिला आहे. अमुक एक पद्धत सर्वांनी घ्यावी, असा आग्रह कुठेही नाही.

वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांना शाळा दोन दिवसही लाभली नाही. मुंबईत पाट्या आणि पोस्टरे पाहत त्यांनी अक्षरे जुळवली आणि मराठी साहित्यात स्वतःचे स्थान मिळवले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. अभिमान अण्णाभाऊंचा असावा. शाळेसाठी मात्र तो पराभव आहे. शाळा टळल्यावरही वाचायला शिकणारा लाखात एक निघतो. बाकीच्या सगळ्यांचे काय झाले, याची कुठे नोंदसुद्धा नाही.

म्हणून वाचकाला एक विनंती. हे पुस्तक मिटल्यावर आपल्या प्रभागातल्या पालिकेच्या शाळेत एकदा जा. तिसरीच्या वर्गात परवानगी घेऊन बसा. एखाद्या मुलीला पुस्तकातले एक पान वाचायला सांगा, आणि ती अडखळली तरी मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका. तिच्या बाईंना विचारा की काय हवे आहे. उत्तर मिळाल्यावर ते पालिकेच्या पुढच्या सभेत पोचवा. तिचे नाव पटावर आहेच. उरलेले काम आपले आहे.